जुन्या ट्रकचा पत्रा आणि घरचं वेल्डिंग मशीन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमच्या आजोबांचा जुना टाटा ट्रक आहे, बोनेटवाला, समोर अजून बेंझचा तीन टोकांचा तारा आहे. आजोबा यातून काटोल-नरखेडची संत्री भरून नागपूरला संत्रा मार्केटला आणायचे. नंतर धंदा बंद झाला पण बाबांनी गाडी कोणाला विकू दिली नाही, आता ती पारडीच्या प्लॉटवर टिनाच्या शेडखाली उभी आहे. इंजिन एका मिस्त्रीने चालू करून दिलं, पण मडगार्ड, पायदान, बोनेटच्या कडा सगळं सडून गेलं. मी बँकेत नोकरीला आहे, सुट्टीच्या दिवशी जमेल तसं स्वतःच करायचं म्हणतो, वेल्डिंग कधी केलं नाही पण शिकायची तयारी आहे. इतवारीतला दुकानदार म्हणतो ट्रक आहे तर 250 अँपिअरच्या खाली घेऊच नका, काका म्हणून राहिले की त्यांच्या जुन्या वर्कशॉपमधला तेलाचा वेल्डिंग सेट फुकट घेऊन जा, आणि व्हिडिओत पाहावं तर जो तो मिग मिग करून राहिला. प्लॉटवर मीटर घरगुती, सिंगल फेज. नेमकं काय घेऊ? — एक वाचक, पारडी, नागपूर

उत्तर : भाऊ, आधी त्या ताऱ्याबद्दल. टेल्को, म्हणजे टाटांची ट्रक बनवणारी कंपनी, आणि जर्मनीच्या डाइमलर-बेंझचा करार 1954 ला झाला आणि 1969 ला संपला, त्यानंतर गाड्यांवरचा तारा जाऊन टी आला. म्हणजे तारा मूळचा असेल तर तुमची गाडी पंचावन्न वर्षांच्या वरची आहे. अशा गाडीचं बोनेट, मडगार्ड, समोरचा दर्शनी पत्रा हे सगळे प्रेसमधून निघालेले भाग, एकदा जाळून टाकले की तसे परत बनत नाहीत, डेंटर कितीही हुशार असला तरी ती गोलाई हाताने आणायला फार कष्ट पडतात. म्हणून मशीन निवडताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा, जो पत्रा उरला आहे तो वाचवायचा आहे.

आता दुकानदाराचं. ट्रक मोठा म्हणून मशीन मोठं, हा हिशेब चुकीचा आहे. चेसिस जाड असते हे खरं, पण तुम्ही लिहिलेली कामं पाहा ना, मडगार्ड, पायदान, बोनेटच्या कडा, हे सगळं पातळ पत्र्याचं काम. असा पत्रा नवा असताना एक-सव्वा मिलिमीटर धरा, म्हणजे 18 ते 20 गेज, आणि गंजाने खाल्ला तिथे निम्मासुद्धा उरत नाही. ढोबळ हिशेब असा की एका मिलिमीटरला साधारण 40 अँपिअर लागतात, म्हणजे तुमचं बहुतेक काम 40 ते 70 च्या मधेच होणार. मग 250 लिहिलेलं काय करायचं? मशीन किती वर जातं ते विचारूच नका, 40 वर उतरल्यावर आर्क, म्हणजे पत्रा वितळवणारी ती विजेची ज्योत, शांत टिकतो का ते विचारा. काही मशीनं वर मस्त चालतात आणि खाली आणली की फटफट करतात, वेल्डिंगची तार पत्र्याला ठोसे मारते आणि आर्क विझतो. पातळ पत्र्यावर त्याचा काहीच उपयोग नाही.

काकांचा सेट. काकांना नाराज करू नका पण तो आणूही नका. तेलाचे ते जुने ट्रान्सफॉर्मर बहुतेक दोन फेजवर चालतात, म्हणजे 415 व्होल्ट, तुमच्या सिंगल फेज मीटरवर तो चालणारच नाही. आणि करंट एसी, शिवाय खाली फारसा उतरत नाही. गेट, ग्रिल, अँगल, शेडचे खांब यासाठी तो राजा आहे, वर्षानुवर्षं बिघडत नाही, पण एक मिलिमीटर पत्र्यावर टेकवला की भोक.

मग रॉडचं छोटं इन्व्हर्टर मशीन, ज्याला दुकानात एमएमए नाहीतर आर्क मशीन म्हणतात, ते का नाही? स्वस्त आहे, हलकं आहे, खांद्याला लटकवून नेता येतं. 12 नंबरचा रॉड म्हणजे अडीच मिलिमीटर, तो नीट चालायला 60 ते 90 अँपिअर पाहिजे, तेवढ्यात तुमचा पत्रा संपला. 14 नंबरचा बारीक रॉड मिळतो आणि मुरलेला कारीगर त्याने पत्र्यालाही टाके मारून दाखवतो, पण त्याचा हात बसायला वर्षं गेलेली असतात. नवीन माणसाने आजोबांच्या मडगार्डवर तो हात बसवू नये. दीड-दोन मिलिमीटरच्या वरचं, म्हणजे हौद्याचे अँगल, ब्रॅकेट, फाळक्याच्या बिजागऱ्या, हे रॉडने मस्त होतं.

टिग, म्हणजे आर्गॉन गॅसमध्ये टंगस्टनच्या टोकाने करायचं वेल्डिंग, सगळ्यात सुंदर, यात शंका नाही. आर्गॉनमधला तो टाका नरम राहतो, नंतर हातोडीने ठोकून सपाट करता येतो, डेंटरांना म्हणूनच आवडतो. पण एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फिलर म्हणजे भरायची तार, पत्रा अगदी स्वच्छ पाहिजे, जरा गंज किंवा तेल राहिलं की टाका खराब, आणि काम फार हळू. पहिलं मशीन म्हणून मी कोणाला सांगत नाही. जुने डेंटर गॅसने पत्रा झाळायचे, तेही नरम आणि छान असतं, पण घरच्या प्लॉटवर ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनच्या टाक्या ठेवणं मला पटत नाही, विषय संपला.

म्हणून मिग. ज्याला आपल्याकडे वर्कशॉपमध्ये सीओटू वेल्डिंग म्हणतात तेच. तार मशीन स्वतः पुढे ढकलतं, तुम्ही ट्रिगर दाबायचं, एक सेकंद, सोडायचं, पुन्हा एक सेकंद. असे छोटे टाके शिकायला सोपे आणि पत्र्याला उष्णता कमी. किमतीला रॉडच्या मशीनच्या दुप्पट-तिप्पट जाईल, पण भाऊ या कामाला हेच.

घेताना काय पाहायचं तर सिंगल फेज इन्व्हर्टर, 160 किंवा 200 च्या वर्गातलं, आणि खालची मर्यादा 40 च्या आत. व्होल्टेज आणि तारेचा वेग यांची बटणं वेगळी असावी, सगळं आपोआप करणारं एकच बटण असलं तर पातळ पत्र्यावर हातात काही राहत नाही. गॅसवर आणि बिनगॅसच्या फ्लक्सवाल्या तारेवर दोन्ही चाललं पाहिजे, आणि त्यासाठी आत पोलॅरिटी, म्हणजे टॉर्च प्लसला की मायनसला, हे बदलायची सोय हवी, हे मुद्दाम उघडून पाहा. रोलरवर 0.8 मिलिमीटर तारेची खाच असतेच, 0.6 ची मिळाली तर फार उत्तम, पण ती तार आपल्याकडे सहज मिळत नाही म्हणून 0.8 वरच शिका. तारेचं स्पूल 5 किलोचं बसावं, एक किलोची छोटी स्पूलं किलोमागे महाग पडतात. टॉर्च वेगळी निघणारी असावी, युरो कनेक्टरची, म्हणजे उद्या केबल गेली तर नुसती टॉर्च बदलता येते, मशीन डब्यात नाही जात. बऱ्याच मिग मशीनमध्ये रॉडचा होल्डरही लावता येतो, म्हणजे ते हौद्याचे अँगल वगैरे त्यावरच होऊन जातील, वेगळं मशीन लागणार नाही.

आणि मागच्या पट्टीवर ड्युटी सायकल लिहिलेली असते ती वाचा. 160 ला 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं मारा, चार मिनिटं थांबा. पण हा आकडा 40 डिग्री हवेत मोजलेला असतो बरं का. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि टिनाच्या शेडखाली तर त्याच्याही वर, तिथे तेच मशीन लवकर तापतं, पिवळा दिवा लागतो आणि बंद पडतं. ते बिघडलेलं नसतं, गरम झालं म्हणून थांबलेलं असतं, स्विच बंद करू नका, आतला पंखा फिरू द्या, थंड झालं की परत चालू होतं. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत काम आटपा, मशीनसाठीही आणि तुमच्यासाठीही.

दुकानात जाताना 20 गेजच्या पत्र्याचे दोन-चार तुकडे सोबत न्या आणि दुकानदाराला म्हणा की याच्यावर चालवून दाखवा. तो दोन इंच जाड लोखंडावर मारून दाखवेल, ते पाहू नका. पातळ तुकड्यावर तेलात मोहरी तडतडते तसा एकसारखा आवाज आला पाहिजे, मधे मधे फट-फट थांबत असेल तर सेटिंग बदलायला सांगा, तरी जमलं नाही तर दुसरं मशीन पाहा. सर्व्हिस नागपुरात होते का, बोर्ड गेला तर कुठे पाठवतात, हेही तिथेच विचारून घ्या. अनोळखी नावाचं मशीन ऑनलाइन स्वस्त दिसतं पण टॉर्चची टिप आणि नोझलसुद्धा इथे मिळत नसेल तर महिनाभरात ते कोपऱ्यात जातं.

आता वीज, याच्याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. 80 अँपिअरवर मिग चालवलं तर मेनमधून साधारण 10-11 अँपिअर ओढतं, 130 वर गेलात तर 20 च्या जवळपास. घरातला कूलरचा नाहीतर गिझरचा 16 अँपिअरचा सॉकेट पत्र्याच्या कामाला पुरतो पण त्याच्यावर अवलंबून राहू नका. मीटरपासून शेडपर्यंत वेगळी लाइन ओढून घ्या, 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 25 अँपिअरची एमसीबी, आणि शेडमध्ये इंडस्ट्रियल सॉकेट. अर्थिंग खरंखुरं पाहिजे, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, सोबत आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावा. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो पाहा, एक-दोन किलोवॉटच असेल तर आधी वाढवून घ्या. एक्स्टेन्शन वापरायची वेळ आलीच तर ती जाड वायरची घ्या आणि पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळी तशीच ठेवून वेल्डिंग केलं की ती आतल्या आत तापते आणि पघळते, शिवाय व्होल्टेज पडलं की आर्क खराब होतो आणि माणूस मशीनला दोष देतो.

मशीन आलं की पहिला महिना ट्रकला हात लावू नका, भंगारातल्या पत्र्यावर मारत राहा. मग मडगार्डपासून सुरू करा, कारण ते काढून टेबलावर घेता येतं. गंजलेल्या जागी पेचकसने टोचून पाहा, जिथे आरपार जातो तिथून आजूबाजूला इंचभर पुढे, चांगला चमकणारा पत्रा लागेपर्यंत कापा. वरून ठिगळ चिकटवू नका, दोन पत्र्यांच्या मधे पाणी बसतं आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही जातात, जुन्या गाड्यांवर लांबी म्हणजे पुटी भरून झाकलेली अशी ठिगळं मी पुष्कळ पाहिली, वरून गुळगुळीत, आतून पिठी. नवा तुकडा त्याच जाडीचा, कोपरे गोल, कडेला कडा लावून, मधे तार जाईल एवढीच फट. मागून तांब्याची पट्टी धरा, तांब्याला टाका चिकटत नाही आणि ते उष्णता ओढून घेतं, एसी दुरुस्तीवाल्यांकडे पाइपचे तुकडे मिळतात, ठोकून चपटा केला की झालं काम. पहिला टाका एका कोपऱ्यात, दुसरा समोरच्या कोपऱ्यात, मग बाजूंच्या मधोमध, हाताने धरता येईल इतकं थंड होऊ द्यायचं आणि मग दोन टाक्यांच्या मधे एक. सलग रेघ ओढली की पत्र्याला पोट येतं आणि ते बसवायला डेंटरही कंटाळतो. हे काम सावकाशच होतं, एका मडगार्डला दोन-तीन रविवार गेले तरी जाऊ द्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही पण मला तीच जास्त काळजीची वाटते. त्या काळात कंपनीकडून पुष्कळदा चेसिस आणि समोरचा दर्शनी भागच यायचा, केबिन आणि हौदा इथलेच बॉडीवाले बांधायचे, लाकडी सांगाडा करून त्याच्यावर पत्रा खिळ्यांनी ठोकलेला. तुमची केबिन तशी आहे का ते आतून पाहा. असेल तर त्या पत्र्यावर जागेवर वेल्डिंग करायचं नाही, वाळलेलं जुनं लाकूड, त्यात वर्षांचं तेल आणि धूळ, ठिणगी आत शिरली की ते लगेच पेटत नाही, धुमसत राहतं आणि तुम्ही घरी गेल्यावर पेटतं. पत्रा उतरवून बाहेर करा. आणि केबिन लाकडी असो की नसो, काम संपलं की तासभर तिथून हलू नका, पाण्याची बादली आणि पावडरचं अग्निशामक जवळ ठेवा.

प्रश्न : मिग घेतलं, गॅसही भरून आणला, पहिले काही दिवस बरं चाललं. आता एप्रिलपासून टाक्यात बारीक बारीक भोकं पडून राहिली, वरून फेस आल्यासारखा दिसतो. दुकानदार म्हणतो गॅस वाढवा, वाढवला तरी तेच. मशीन खराब निघालं का? — एक वाचक, कामठी रोड

उत्तर : एप्रिलपासून म्हणता म्हणजे कूलर सुरू झाला असेल, पहिले तो पाहा. मिगमध्ये टाक्यावर गॅसचं पांघरूण असतं, ते असतं म्हणून वितळलेल्या धातूत हवा शिरत नाही. शेडमध्ये मोठा डेझर्ट कूलर नाहीतर पेडस्टल फॅन तुमच्याकडे तोंड करून चालू असेल तर ते पांघरूण उडून जातं आणि टाक्यात भोकं राहतात. कूलर बंद करा किंवा मधे पत्र्याचा, प्लायचा आडोसा लावा आणि पुन्हा एक टाका मारून पाहा, बहुतेक तिथेच उत्तर मिळेल.

गॅस वाढवून फरक पडत नाही हे तुम्ही पाहिलंच. मिनिटाला 8 ते 12 लिटर पुरतं, त्याच्या पुढे नेलं तर गॅस नोझलमधून भोवरे घेत निघतो आणि बाहेरची हवाच आत ओढतो. नोझल काढून पाहा, आत छर्रे, म्हणजे उडालेल्या वितळलेल्या धातूचे कण, साचून तोंड बंद झालं असेल तर खरवडून काढा. पाइपचे जोड साबणाच्या पाण्याने तपासा. रेग्युलेटरवर बर्फ जमत असेल तर हीटरवालं रेग्युलेटर घ्या, सीओटू जोरात सुटला की गारठतो. हे सगळं ठीक असेल तर मग पत्रा, त्याच्यावरचा रंग, ग्रीस, प्रायमर, गंज, टाक्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर घासून पांढरं करा, आणि अर्थचा क्लॅम्पही रंगावर नाही, घासलेल्या जागेवर लावा.

नुसता सीओटू स्वस्त आहे पण छर्रे जास्त उडतात आणि टाका खोल जातो. पातळ पत्र्याला आर्गॉन आणि सीओटूचा मिक्स, 80-20, शांत चालतो. वर्कशॉपचे लोक महाग म्हणून टाळतात, घरच्या कामाला गॅस लागतोच किती, मी तर मिक्सच घ्या म्हणेन.

उघड्यावर, वाऱ्यातच काम करावं लागत असेल तर फ्लक्सवाली तार आहे, तिला गॅस लागत नाही. फक्त ती लावताना पोलॅरिटी उलटी करायची, टॉर्च निगेटिव्हला. हे न करता पुष्कळ जण ती तार चालवतात, छर्रे उडतात, टाका बसत नाही, आणि मग ही तारच वाईट म्हणून सांगत फिरतात. तिच्यावर खपली येते, ती ठोकून काढल्याशिवाय दुसरा थर देऊ नका. पत्र्याला मात्र ती गॅसपेक्षा गरम पडते, एक मिलिमीटरच्या कामाला मी तिला दुसऱ्या नंबरवर ठेवतो.

प्रश्न : आमच्या टाटा 407 ट्रकला चेसिसवर मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ चीर दिसून राहिली, बोटभर लांब. घरी 200 अँपिअरचं आर्क मशीन आहे, भाऊ वेल्डिंग करतो, मारून घेऊ का? — एक वाचक, काटोल

उत्तर : नाही. भाऊंचा हात चांगला असेल, तरी नाही. गेटचा टाका तुटला तर गेट लटकतं, चेसिसचा टाका तुटला तर गाडी भरलेली असते आणि रस्त्यावर माणसं असतात.

चीर नुसती भरून होत नाही. ती का पडली ते आधी पाहायचं, जास्त माल भरून, की हँगरचे रिव्हेट ढिले होऊन, की पाट्याचं एखादं पान तुटून सगळा भार एका बाजूला येऊन. कारण तसंच राहिलं तर टाक्याच्या शेजारून नवी चीर निघते, टाक्याच्या कडेला लोखंड कडक झालेलं असतं ना. नीट काम असं होतं, चीर जिथे संपते तिथे आधी ड्रिलने छोटं भोक पाडतात म्हणजे ती पुढे धावत नाही, मग चीर पूर्ण खोलीपर्यंत घासून व्ही आकाराची खाच करतात, आणि 7018 च्या लो-हायड्रोजन रॉडने थर देतात. हा रॉड ओल धरतो, उघड्या पाकिटातला असेल तर 300-350 डिग्रीला तासभर भाजून घ्यावा लागतो, आपल्या पावसाळ्यात तर हमखास, आणि घरी ते कोण करतं. घरच्या नेहमीच्या 6013 रॉडने चेसिसला हात लावू नये. वरून प्लेट लावायची असेल तर तीसुद्धा कशी आणि कुठे हे ज्याला कळतं त्यालाच लावू द्या, चेसिसच्या वरच्या-खालच्या फ्लँजवर, म्हणजे वळलेल्या पट्टीवर, आडवा टाका मारला की तिथेच ती पुढे तुटते. वाडीला, अमरावती रोडने, ट्रकांचीच कामं करणारी वर्कशॉप आहेत, गाडी रिकामी करून तिथे न्या आणि समोर उभं राहून करून घ्या.

कुठेही केलं तरी चार गोष्टी पाहा. बॅटरीच्या वायरी काढलेल्या असाव्या आणि अल्टरनेटरची पण. अर्थचा क्लॅम्प टाक्याच्या अगदी जवळ लावायचा, तो दूर चाकाकडे लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात, महिन्याभराने आवाज सुरू होतो आणि कोणाला कारण कळत नाही. पाट्याच्या पानांवर टॉर्च टेकवून ठिणगी पाडू नये, त्या एका ठिपक्यापासून पान तुटतं. आणि चेसिस नंबर ठोकलेल्या जागेच्या आसपास ग्राइंडरसुद्धा फिरवू देऊ नका, तो नंबर पुसट झाला तर गाडी एमएच 31 ची असो, 40 ची असो की 49 ची, आरटीओत फिटनेसला उभी राहिल्यावर तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल.

प्रश्न : माझा मुलगा घरी जुन्या जीपचं वेल्डिंग शिकून राहिला. टॅक (छोटा टाका) मारताना नुसते डोळे मिटून घेतो, चष्मा लावत नाही. परवा रात्री डोळे लाल, पाणी, वाळू गेल्यासारखं टोचत होतं, झोपला नाही. शेजारच्या काकू बटाट्याच्या चकत्या ठेवा म्हणाल्या, ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कमी झालं. आता तो म्हणतो काही होत नाही. — एक आई, हिंगणा रोड

उत्तर : ताई, होतं. आर्कमधून अतिनील किरणं निघतात आणि बुबुळाच्या वरचा पातळ थर उन्हाने कातडी भाजावी तसा भाजतो. त्या वेळी काहीच जाणवत नाही, सहा ते बारा तासांनी सुरू होतं, म्हणून रात्री. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं होतं, बटाटा ठेवला नसता तरी झालं असतं, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, आणि मेडिकलमधून सुन्न करणारे थेंब आणून मनाने टाकू नका, त्याने जखम भरायला उशीर होतो. पुन्हा पुन्हा झालं तर नुकसान कायमचं राहू शकतं.

पापणी मिटून काही भागत नाही. त्याला ऑटो डार्कनिंग हेल्मेट घेऊन द्या, 9 ते 13 शेडचं (हा काचेच्या काळेपणाचा आकडा), ते आधी आरपार दिसतं आणि आर्क पडताच स्वतः काळं होतं, म्हणून नवीन मुलं टॅकलासुद्धा ते काढत नाहीत, सवयीचा प्रश्नच मिटतो. गॅस वेल्डिंगचा हिरवा गोल चष्मा आर्कला चालत नाही, तो फार फिका आहे आणि चेहरा, मान उघडीच राहते. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामड्याचे हातमोजे, बूट. टेरिकॉट किंवा स्पोर्ट्सचा टी-शर्ट ठिणगीने वितळून अंगाला चिकटतो. शेडमध्ये उभं राहून पाहणाऱ्या लहान भावंडांनाही तोच उजेड लागतो, त्यांना बाहेर ठेवा. आणि जीआय पत्रा, म्हणजे जस्त चढवलेला, तो आधी घासून जस्त काढल्याशिवाय मारू देऊ नका, त्याच्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, धुराच्या वर तोंड नेऊ नये.

प्रश्न : जुन्या ट्रकची डिझेलची टाकी खालून झिरपते. रिकामी करून, साबणाच्या पाण्याने धुवून, दोन दिवस उन्हात ठेवून मग मिगने टाका मारला तर चालेल का? — एक वाचक, उमरेड

उत्तर : चालणार नाही, आणि कोणी चालतं म्हटलं तरी ऐकू नका. डिझेल साध्या उन्हात फारसं उडत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण टाकीच्या आतल्या शिवणीत, आडव्या पत्र्यांच्या मागे ते राहतंच, टाक्याच्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती बंद जागेत हवेत मिसळते आणि आर्क तर समोरच असतो. टाकी फुटते. धुतलेल्या टाक्या फुटून माणसं गेली आहेत. टाक्यांचंच काम करणारा, वाफेने साफ करून आत गॅस उरला नाही हे तपासून मग झाळणारा माणूस मिळाला तर त्याला द्या, नाहीतर त्याच मापाची नवी टाकी बनवून घ्या, जुन्या ट्रकांच्या टाक्या साध्या आकाराच्या असतात, कठीण नाही. आणि टाकी कुठलीही असो, गाडीवर दुसरीकडे कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर आधी ती उतरवा, डिझेलचे पाइप बंद करा आणि शेडच्या बाहेर, सावलीत, ठिणगी पोहोचणार नाही एवढ्या लांब नेऊन ठेवा.